शर्यतीच्या जुन्या मोटारीचें मोल

वापरलेल्या वस्तूचा भाव उतरावयाचा, हा बाजाराचा साधा नियम आहे. नवी मोटार दुकानांतून रस्त्यावर आली आणि तिच्या चाकांस धूळ लागली, कीं त्याच क्षणीं तिची किंमत घटली. दहा वर्षांनीं ती निम्म्या भावानेंही जात नाहीं. आणखी पंधरा वर्षांनीं भंगारवाला येतो आणि लोखंडाच्या दरानें तिचा हिशेब करतो. ही गोष्ट घरोघरच्या, जपून वापरलेल्या मोटारीची झाली. मग जी मोटार शर्यतीसाठींच बांधलेली, जिचें एंजिन वारंवार खोललेलें, जिचा पत्रा एकदां सोडून चारदां ठोकून सरळ केलेला, जी अनेक हातांतून फिरलेली, तिला भंगाराचा तरी भाव यावा कीं नाहीं, अशी शंका कोणासही येईल.

ही शंका खोटी ठरविणारा प्रसंग २०१८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत माँटरे येथें घडला. आर. एम. सॉदबीज या पेढीच्या लिलांवांत फेरारी कंपनीची '२५० जी. टी. ओ.' नांवाची एक मोटार विक्रीस मांडली होती. तिचें वय ५६ वर्षांचें. बोली ४ कोटी ४० लाख डॉलरांवर थांबली आणि हातोडा पडला. परंतु घेणारानें मोजलेली रक्कम एवढीच नव्हती. लिलांव करणारी पेढी घेणाराकडून आपलें दलाल घेते. या लिलांवांत पहिल्या अडीच लाख डॉलरांवर शेंकडा १२ आणि पुढील सर्व रकमेवर शेंकडा १० असा दर होता. म्हणजे पहिल्या टप्प्याचे ३० हजार आणि उरलेल्या ४ कोटी ३७ लाख ५० हजारांवरचे ४३ लाख ७५ हजार मिळून ४४ लाख ५ हजार डॉलर केवळ दलालीचे झाले. एकूण बेरीज ४ कोटी ८४ लाख ५ हजार डॉलर. त्या वेळच्या दरानें हे सुमारे ३४० कोटी रुपये होतात. वर्तमानपत्रांत अशा विक्रीचे जे आंकडे छापून येतात, त्यांत कधीं दलाली धरलेली असते, कधीं नसते. म्हणून एकाच मोटारीच्या दोन किंमती वाचावयास मिळतात आणि वाचक गोंधळतो.

हीच मोटार नवी असतांना अमेरिकेंत सुमारे १८ हजार डॉलरांस मिळत असे. मध्यंतरीं डॉलरही स्वस्त झाला, हें खरें. तो हिशेब धरला तरी १९६२ चे १८ हजार म्हणजे २०१८ चे दीड लाख होतात. दीड लाखांच्या वस्तूस पावणेपांच कोटींच्या वर मोल कशानें आलें, हें समजण्यास प्रथम ती वस्तु काय होती तें पाहिलें पाहिजे.

'जी. टी. ओ.' हीं अक्षरें 'ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो' या इटालियन शब्दांचीं आहेत. ग्रान तुरिस्मो म्हणजे दूरच्या प्रवासास योग्य अशी वेगवान मोटार, आणि ओमोलोगातो म्हणजे शर्यतीच्या नियामक मंडळानें मान्य केलेली. नांवांतील '२५०' हा आंकडा एंजिनाच्या एका सिलिंडरच्या आकारमानाचा आहे. एंजिन बारा सिलिंडरांचें आणि एकूण २,९५३ घन सेंटिमीटरांचें. त्यास बारानें भागलें असतां २४६ येतात, ते ढोबळ मानानें २५० धरले. तीन लिटरच्या या एंजिनापासून सुमारे ३०० अश्वशक्ति मिळे. त्यास हवा व पेट्रोल यांचें मिश्रण पुरविण्यास सहा वेबर कार्ब्युरेटर एका ओळींत बसविलेले असत.

मान्यतेची गोष्ट मोठी गमतीची आहे. त्या वर्गांत भाग घेणाऱ्या मोटारीच्या निदान शंभर प्रति बांधल्या पाहिजेत, असा नियम होता. हेतु हा कीं कोणीं केवळ शर्यतीपुरतें एखादें खास यंत्र तयार करून आणूं नये. एंझो फेरारी याला शंभर मोटारी बांधावयाच्या नव्हत्या. त्यानें असें प्रतिपादन केलें कीं ही मोटार नवी नव्हेच. पूर्वीं मान्य झालेल्या '२५० जी. टी.'चीच ही निराळ्या अंगरख्यांतील आवृत्ति आहे. मंडळानें तें मान्य केलें. प्रत्यक्षांत १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत तीन लिटरच्या अशा ३६ मोटारी बांधल्या गेल्या. त्या वेळीं ही एक पळवाट होती. परंतु आजच्या किंमतीचा पाया त्याच पळवाटेंत आहे. नियम काटेकोरपणें पाळून शंभर मोटारी निघाल्या असत्या, तर एकेकीस आज एवढें मोल खचित आलें नसतें.

ही मोटार जन्मास आली तीही घरभेदाच्या गोंधळांत. तिचा आराखडा जोत्तो बिझ्झारिनी या यंत्रविशारदानें चालविला होता. १९६१ सालाच्या अखेरीस मालकाशीं खटका उडून त्यानें व त्याच्या बरोबरीच्या अनेक जाणत्या मंडळींनीं एकदमच कारखाना सोडला. उरलेलें काम मौरो फोर्गिएरी नांवाच्या २६ वर्षांच्या तरुणाच्या हातीं आलें आणि त्यानें तें तडीस नेलें. बाहेरील पत्र्याचें काम मोदेना येथील सेर्जिओ स्काल्येत्ती याच्याकडे असे. हा मनुष्य साच्यापेक्षां आपल्या नजरेवर विसंबून राही. त्याचे कारागीर वाळूनें भरलेल्या पिशवीवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ठेवून तो हातोडीनें गोलावीत, आणि तुकडा तुकडा जोडून मोटारीचें अंग तयार करीत. त्यामुळें या ३६ मोटारींत तंतोतंत एकसारख्या दोन सांपडत नाहींत. एकीच्या अंगावरची खिडकी दुसरीपेक्षां बोटभर पुढें, तर तिसरीची डावी बाजू उजवीशीं बरोबर जुळत नाहीं. तांब्याचीं भांडीं घडविणाऱ्या कांसाराच्या दुकानांत जें दिसतें, तेंच येथेंही होतें. २०१९ सालीं बोलोन्या येथील न्यायालयानें या मोटारीचा आकार ही एक कलाकृति आहे, असें ठरवून तिच्या नकलेस बंदी केली. त्या निर्णयाच्या मुळाशीं ही हातोडीच आहे.

मैदानावर जी. टी. ओ.नें आपलें काम चोख केलें. १९६२, १९६३ आणि १९६४ या तिन्ही वर्षीं आपल्या वर्गाचें जागतिक अजिंक्यपद तिनें फेरारीस मिळवून दिलें. नंतर मात्र तिचे दिवस फिरले. एंजिन चालकाच्या पुढें ठेवण्याऐवजीं त्याच्या पाठीमागें ठेवण्याची पद्धति आली आणि जुनी रचना मागें पडली. शर्यतीच्या यंत्राचें आयुष्य असेंच असतें. तें दोन वर्षें सर्वांच्या पुढें असतें, आणि तिसऱ्या वर्षीं तें कोणास नको असतें. रस्त्यावर चालवावी तर आंत गोंगाट, उष्णता आणि पेट्रोलचा वास, सामान ठेवण्यास जागा नाहीं, गालिचा नाहीं. अमेरिकेंत टेक्सास प्रांतांतील व्हिक्टोरिया या गांवीं आलेल्या एका जी. टी. ओ.ची हकीकत यासंबंधीं सांगण्यासारखी आहे. तिच्या मालकानें १९६४ सालीं ती गांवच्या हायस्कुलास देणगी म्हणून दिली. तेथें मुलें तिच्यावर मोटार दुरुस्तीचे धडे गिरवूं लागलीं. १९७२ सालीं शाळेनें ती साडेसहा हजार डॉलरांस विकून टाकली. घेणारानें ती ओहायो प्रांतांत नेली व एका ट्रेलरवर चढवून उघड्या शेतांत ठेवून दिली. ऊन, पाऊस, बर्फ खात ती तेथें सुमारे पंधरा वर्षें उभी होती. त्या शाळेनें ती ठेवली असती तर काय झालें असतें, हा हिशेब सोपा आहे. परंतु १९७२ सालीं हायस्कुलाच्या चालकांस साडेसहा हजार डॉलर ही रास्त किंमत वाटली असेल, तर त्यांत त्यांची चूक कांहींच नव्हती. त्या वेळीं सर्व बाजारच तसा होता. निक मेसन या प्रसिद्ध इंग्रज वादकानें १९७७ सालीं आपली जी. टी. ओ. घेतली ती सुमारे ३७ हजार पौंडांस.

भाव चढूं लागला तो पुढें. १९८८ सालच्या ऑगस्टमध्यें एंझो फेरारी वारला, आणि आतां याच्या हातची मोटार पुन्हा होणें नाहीं, या भावनेनें बाजार एकदम पेटला. वर्ष-दीड वर्षांत जी. टी. ओ.चा भाव सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरांवर गेल्याचें प्रसिद्ध झालें. यांत मोटारीचे शोकीन थोडे आणि आज घेऊन उद्यां विकणारे अधिक होते. जपानांतील व अन्यत्रचा पैसा आटतांच, पुढील चार-पांच वर्षांत तोच भाव तिसऱ्या हिश्श्याच्याही खालीं आला. जुनी मोटार म्हणजे केवळ चढत जाणारी ठेव, असें सांगणारे सल्लागार आजही पुष्कळ भेटतात. ते ही हकीकत सांगावयास विसरतात.

नंतरची चढण संथ, परंतु अधिक पक्क्या पायाची होती. तिचें एक कारण असें कीं, या मोटारींस पुन्हा काम मिळालें. इटलींत ब्रेशा गांवाहून रोमपर्यंत जाऊन परत येणारी 'मिल्ले मिल्या' नांवाची सुमारे १,६०० किलोमीटरांची शर्यत १९२७ ते १९५७ पर्यंत होत असे. १९७७ पासून ती जुन्या मोटारींच्या मिरवणुकीच्या रूपानें पुन्हा सुरू झाली. तींत प्रवेश कोणास? तर त्या मूळच्या शर्यतींत ज्या जातीच्या मोटारी धांवल्या त्यांनाच. इंग्लंडमध्यें गुडवुड येथें १९९८ पासून दर वर्षीं जुन्या मोटारींच्या खऱ्या शर्यती होतात. कॅलिफोर्नियांत पेबल बीच येथें त्यांचें सौंदर्यप्रदर्शन भरतें. या ठिकाणीं पैसे भरून हवा तो मनुष्य शिरूं शकत नाहीं. त्याच्याजवळ योग्य मोटार असावी लागते. म्हणजे धनिक मनुष्य ही मोटार घेतो तेव्हां तो यंत्राबरोबर एका पंगतींतील पाटही विकत घेत असतो. जी. टी. ओ.च्या मालकांची तर आपसांत भेटण्याची निराळीच प्रथा आहे, आणि त्या घरांत शिरण्यास ३६ दारें आहेत, सदतिसावें नाहीं.

मग लिलांवाचे आंकडे पाहावे. २००९ सालीं फेरारीच्या गांवींच, मारानेल्लो येथें, १९५७ ची 'टेस्टा रोसा' ९० लाख २० हजार युरोंस गेली. टेस्टा रोसा म्हणजे लाल डोकें. एंजिनावरचीं झांकणें लाल रंगविलेलीं असत म्हणून हें नांव. २०११ सालीं त्याच जातीची, नमुन्यादाखल बांधलेली पहिली मोटार १ कोटी ६३ लाख ९० हजार डॉलरांस विकली गेली. २०१४ सालीं बॉनहॅम्स पेढीच्या लिलांवांत एका जी. टी. ओ.चे ३ कोटी ८१ लाख १५ हजार डॉलर आले. पांच वर्षांत ही मजल झाली.

आतां खरा अवघड प्रश्न येतो. साठ वर्षांच्या या मोटारी आज ज्या दिमाखानें लिलांवाच्या व्यासपीठावर येतात, तशा त्या कोठें पडून राहिलेल्या नसतात. त्यांचा जीर्णोद्धार झालेला असतो. देवळाच्या जीर्णोद्धारांत जो वाद निघतो, तोच येथेंही निघतो: जुनें किती राखावें, नवें किती घालावें, आणि शेवटीं जें उभें राहतें तें जुनेंच देऊळ कीं दुसरें?

उत्तम कारागीर कामास लागतो तो प्रथम पाना घेऊन नव्हे, तर भिंग घेऊन. मोटारीच्या शर्यतींचीं जुनीं छायाचित्रें मिळवून तो रिव्हेटांच्या ओळी मोजतो. हवेसाठीं पाडलेलीं भोकें कोणत्या शर्यतींत किती होतीं, तें पाहतो. रंगाचे थर एकाखालीं एक खरवडून मूळचा रंग शोधतो. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, एंजिनावरचा क्रमांक, गियरबॉक्स व मागील आंस यांवरचे क्रमांक हे कारखान्याच्या जुन्या वहीशीं ताडून पाहतात. हे सर्व जुळले तर किंमत एक. एंजिन मागाहून घातलेलें निघालें तर किंमत दुसरी. फेरारी कंपनीनें स्वतःच यासाठीं एक खातें काढलें असून, तपासणीनंतर तें जें प्रमाणपत्र देतें त्यास त्या व्यापारांत 'लाल पुस्तक' म्हणतात. धातूंचे त्रास निराळेच. मॅग्नेशियमचे ओतीव भाग हवेनें खाऊन भुसभुशीत होतात. पातळ ॲल्युमिनियम वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनीं सांध्यापाशीं चिरतें. अशा कामास किती काळ लागावा? २०२३ सालीं ३ कोटी २ लाख ५५ हजार डॉलरांस विकल्या गेलेल्या १९६७ च्या 'फेरारी ४१२ पी'चा जीर्णोद्धार नऊ वर्षें चालला होता.

परंतु जीर्णोद्धारानें किंमत वाढतेच, असें नाहीं. पुष्कळदां ती घटते. साठ वर्षांपूर्वींच्या कारखान्यांत शनिवारची मोटार शुक्रवारीं रात्रीं उरकलेली असे. सांधे ओबडधोबड, रंग एका बाजूस पातळ. आजचा कारागीर आरशासारखा रंग चढवितो, सांधे घासून नाहींसे करतो आणि शर्यतीच्या घोड्यास लग्नाच्या वरातीचा घोडा करून सोडतो. जाणते लोक असल्या चकचकीतपणास नाक मुरडतात. याच्या उलट, ज्या मोटारीवर मूळचा रंग फिकट का होईना टिकून आहे, जिच्या आसनाचें कातडें चालकाच्या पाठीनें झिजलेलें आहे, तिला कोणीं हात लावूं नये अशी आतां रीत पडली आहे. २०१५ सालीं पॅरिस येथें आर्क्युरिआल पेढीनें एका फ्रेंच घरच्या गॅरेजांत जुन्या मासिकांच्या ढिगांखालीं सांपडलेली एक उघडी फेरारी विकली. ती शर्यतीची नव्हती. पण तिच्यावरची धूळदेखील पेढीनें पुसली नाहीं. ती धुळीसकट १ कोटी ६२ लाख ८८ हजार युरोंस गेली. ज्या घरांत धूळ दिसतांच फडकें हातीं घेण्याची शिकवण आहे, तेथें ही गोष्ट पटणें कठीणच.

सर्व भाग बदलले तरी वस्तु तीच राहते काय, हा प्रश्न मोटारीपेक्षां फार जुना आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांत नागसेन नांवाचा भिक्षु राजा मिलिंदास त्याच्या रथाविषयीं हेंच विचारतो: चाक म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय? राजाला यांपैकीं एकासही रथ म्हणतां येत नाहीं. हा प्रश्न १९९० सालीं लंडनच्या न्यायालयांत प्रत्यक्ष पैशांसाठीं उभा राहिला. मोटार इटालियन नव्हे, इंग्रज होती. 'ओल्ड नंबर वन' या नांवाची बेंटले, जिनें १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. ती १ कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला. मागाहून घेणारानें तक्रार काढली कीं ही ती मोटार नव्हेच, हिच्यांत १९२९ चें जवळजवळ कांहींच उरलेलें नाहीं. न्यायमूर्ति ऑटन यांनीं दिवसचे दिवस पुरावा ऐकला. मूळचे भाग फार थोडे उरले आहेत, हें त्यांनीं मान्य केलें. परंतु एकच मोटार हळूहळू बदलत आली, तिच्या अस्तित्वाचा धागा कोठें तुटला नाहीं, आणि त्या नांवाची दुसरी मोटार कोठें उभी नाहीं. तेव्हां 'ओल्ड नंबर वन' हें नांव तिलाच शोभतें, असा निकाल देऊन त्यांनीं घेणारास करार पाळावयास लावला.

हा निकाल माँटरेच्या त्या जी. टी. ओ.स लावून पाहण्यासारखा आहे. १९६२ सालीं एदोआर्दो लुआल्दी-गाबार्दी या चालकानें तिच्यावर इटलीचें अजिंक्यपद मिळविलें. १९६३ व १९६४ सालीं सिसिली बेटांतील 'तार्गा फ्लोरिओ' या डोंगरी शर्यतींत ती आपल्या वर्गांत पहिली आली. परंतु १९६४ सालीं स्काल्येत्तीच्या कारखान्यांत तिचा मूळचा अंगरखा काढून नव्या घाटाचा चढविला होता, आणि तोच तिच्या अंगावर राहिला. म्हणजे १९६२ ची मोटार म्हणून विकलेल्या वस्तूचें बाह्य अंग १९६२ चें नव्हे. तरी त्याबद्दल कोणीं नाक मुरडलें नाहीं, कारण बदल करणारा मूळचाच कारागीर होता आणि तो शर्यतीच्या गरजेसाठीं झाला होता. हाच बदल १९९४ सालीं दुसऱ्या एखाद्या कारखान्यांत झाला असता, तर कोट्यवधि डॉलर गळाले असते. एंजिन, गियरबॉक्स आणि मागील आंस मात्र तिचीं मूळचीं होतीं, आणि इतक्या शर्यती धांवूनही ती कधीं आपटली नव्हती. शर्यतीच्या मोटारींत असें निष्कलंक चरित्र विरळा.

ओळख एवढी मोलाची झाली म्हणजे यंत्र नसलें तरी चालतें, या टोकापर्यंत बाजार गेला आहे. २०२३ सालच्या ऑगस्टमध्यें माँटरे येथेंच १९५४ च्या 'फेरारी ५०० मोंदियाल'चा अवशेष विक्रीस आला. ही मोटार पूर्वीं शर्यतींत जळाली होती. उरला होता तो चुरगळलेल्या, गंजलेल्या पत्र्याचा एक ढीग; त्यास चाकें नव्हतीं, धड आकार नव्हता. परंतु सांगाड्याचा क्रमांक खरा होता आणि मालकीची परंपरा सलग होती. त्या ढिगाचे १८ लाख ७५ हजार डॉलर आले. या ढिगाभोंवतीं नवी मोटार उभी केल्यास ती १९५४ ची म्हणावयाची कीं नाहीं, याचें उत्तर न्यायमूर्ति ऑटन यांच्या निकालांतही सरळ सांपडत नाहीं, कारण येथें धागा पुष्कळ वर्षें नुसता लोंबकळत होता. असा ढीग घेऊन त्यावरून दोन निरनिराळ्या माणसांनीं एकाच क्रमांकाच्या दोन मोटारी बांधल्याचीं उदाहरणेंही या व्यापारांत झालेलीं आहेत, आणि मग वकिलांची चैन होते.

मोटारीचें चरित्र म्हणतांना नेहमीं विजयच डोळ्यांपुढें येतात. पण त्या चरित्रांत इतर गोष्टीही लिहिलेल्या असतात. २०१४ सालीं विकली गेलेली जी. टी. ओ. घ्यावी. १९६२ च्या ऑक्टोबरांत पॅरिसजवळ माँलेरी येथें ती आंरी ओरेयेच्या हातीं होती. हा गृहस्थ १९४८ च्या ऑलिंपिकमध्यें बर्फावरून घसरण्याच्या शर्यतींत फ्रान्सला सुवर्णपदकें मिळवून देणारा वीर. त्या दिवशीं मोटार आपटून तो मरण पावला. मोटार दुरुस्त होऊन इटलींत विकली गेली, आणि पुढें १९६५ पासून ४५ वर्षें एकाच संग्राहकाजवळ राहिली.

त्याहून भयंकर प्रसंग १९५७ च्या मिल्ले मिल्याचा. त्या वर्षींच्या १२ मे रोजीं शर्यत संपत आली असतां ग्विदिझ्झोलो गांवाजवळ आल्फोन्सो द पोर्तागो या स्पॅनिश सरदाराच्या फेरारीचा टायर फुटला. मोटार रस्त्याकडेच्या लोकांत शिरली. पोर्तागो, त्याचा जोडीदार नेल्सन आणि नऊ प्रेक्षक ठार झाले; त्या नवांत पांच मुलें होतीं. एंझो फेरारीवर खटला झाला व १९६१ सालीं तो त्यांतून सुटला. ती शर्यत मात्र त्या स्वरूपांत पुन्हा झाली नाहीं. त्याच दिवशीं त्याच रस्त्यावरून फेरारीच्या दुसऱ्या एका मोटारींत वोल्फगांग फॉन ट्रिप्स दुसरा आला. त्याचा सहकारी पिएरो तारुफी पहिला आला होता. फॉन ट्रिप्सची ती मोटार पुढें एंजिन वाढवून '३३५ एस' झाली, आणि २०१६ सालच्या फेब्रुवारींत पॅरिसच्या लिलांवांत ३ कोटी २० लाख ७५ हजार २०० युरोंस विकली गेली. तिच्या मोलांत त्या दुसऱ्या क्रमांकाचा वांटा मोठा आहे. तो क्रमांक ज्या दिवशीं मिळाला, तो दिवस ग्विदिझ्झोलोच्या घरांत निराळ्या कारणासाठीं ध्यानांत राहिला आहे.

लिलांव हा भाव ठरविण्याचा सर्वांत खरा मार्ग आहे, अशी समजूत आहे; तीही जपूनच घ्यावी. विकणारा एक गुप्त किमान रक्कम ठरवून देतो. तिच्याखालीं बोली राहिली तर मोटार परत जाते. कधीं पेढीच किमान रकमेची हमी घेते. शिवाय बोली चढण्यास दोन माणसें एकाच वेळीं हटून बसावीं लागतात. एकच असला तर वस्तु कितीही थोर असो, हातोडा लवकर पडतो. २०२३ सालच्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्क येथें आधुनिक चित्रांच्या लिलांवाच्या सप्ताहांत १९६२ ची एक जी. टी. ओ. मांडली गेली. ही तर खुद्द फेरारीच्या पथकानें, चार लिटरचें एंजिन घालून, न्युर्बुर्गरिंगच्या हजार किलोमीटरांच्या शर्यतींत उतरविलेली आणि तेथें दुसरी आलेली. तिचे ६ कोटींच्या वर डॉलर येतील, असा पेढीचा अंदाज होता. बोली ४ कोटी ७० लाखांवर थांबली. दलालीसह ५ कोटी १७ लाख ५ हजार झाले. तोंवर लिलांवांत विकल्या गेलेल्या कोणत्याही फेरारीस एवढी किंमत आली नव्हती, आणि तरीही सभागृहांतून बाहेर पडतांना पुष्कळांच्या तोंडीं निराशेचा सूर होता. त्या आधीं २०२२ सालीं मर्सिडीज कंपनीनें आपल्या संग्रहांतील १९५५ ची एक मोटार १३ कोटी ५० लाख युरोंस विकून तो पैसा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तींस लावला होता. त्या आंकड्यानें इटालियन मोटारीच्या मालकांच्या अपेक्षा उगाच फुगल्या असाव्या.

एवढ्या किंमतीची वस्तु घेऊन तिचा मालक ती कांचेच्या कपाटांत ठेवील, असें वाटेल. पुष्कळ जण तसें करीत नाहींत. गुडवुडच्या मैदानावर दर सप्टेंबरांत या मोटारी पुन्हा पूर्ण वेगानें धांवतात, वळणावर एकमेकींस घांसतात, आणि कधीं गवतांतही जातात. २०१२ सालीं जी. टी. ओ.च्या पन्नाशीनिमित्त मालक मंडळी फ्रान्समध्यें फेरीस निघालीं असतां त्यांतील एक मोटार रस्त्यावरील साध्या गाडीशीं टकरून चांगलीच चेपली. दुसऱ्या दिवसापासून कारागीर हातोडी आणि वाळूची पिशवी घेऊन बसतो. त्यानें बसविलेला नवा पत्रा पुढच्या लिलांवाच्या यादींत शर्यतीच्या इतिहासांत धरावयाचा, कीं दुरुस्तीच्या सदरांत, यावर पेढीच्या जाणत्यांत आजही एकमत नाहीं.